नकाशा आणि वास्तु

इमारतीचा नकाशा काढून दिला म्हणजे वास्तुविशारदाचें काम संपलें, पुढचें काम कंत्राटदाराचें व गवंड्याचें, अशी समजूत आपल्याकडे इतकी रुळली आहे कीं तिच्याविरुद्ध लिहिणें म्हणजे सिद्ध गोष्टीवर वाद घालण्यासारखें वाटावें. मालकास वाटतें, फी नकाशाची दिली. वास्तुविशारदास वाटतें, विद्या कागदावर उतरली. आणि बांधकाम चालू असतां जे प्रश्न उपस्थित होतात त्यांचीं उत्तरें मुकादम आपल्या सोयीप्रमाणें देतो. ही समजूत चुकीची असून तिची किंमत त्या घरांत राहणाऱ्यांस पुढें अनेक वर्षें मोजावी लागते, असें आमचें मत आहे.

नाटकाच्या बाबतींत असला भ्रम कोणासही होत नाहीं. संहिता लिहून झाली म्हणजे प्रयोग झाला असें कोणी म्हणत नाहीं. गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार तर होतेच. परंतु नटांस शिकविणारे तालीममास्तर म्हणूनही त्यांची ख्याति होती. शब्दावर जोर कोठें द्यावा व कोठें थांबावें, हें छापील पानावर सर्वस्वीं सांगतां येत नाहीं, म्हणूनच तालमीची गरज असते. वास्तूचीही गोष्ट अशीच आहे. फरक इतकाच कीं आजचा फसलेला प्रयोग उद्यां सुधारतां येतो. भिंत एकदां उभी राहिली म्हणजे ती तशीच राहते.

एक अगदीं लहान उदाहरण घेऊं. खिडकीवरील सज्जा नकाशांत एका रेघेनें दाखविला जातो. त्याच्या खालच्या बाजूस, कडेजवळ, बोटभर रुंदीची खांच ठेविली तर पावसाचें पाणी तेथेंच तुटून खालीं पडतें. न ठेविली तर तें सज्ज्याच्या पोटानें सरकत भिंतीपर्यंत पोंचतें आणि चार पावसाळ्यांत आंतला गिलावा फुगतो. तीच गोष्ट काँक्रीटमधील सळयांची. सळई व साच्याची फळी यांमध्यें नेमकें अंतर राहिलें नाहीं तर समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत सळई गंजते, फुगते व काँक्रीट फोडून बाहेर येते. काँक्रीट ओतल्यावर हा दोष डोळ्यांस दिसत नाहीं. तो पाहण्याचा काळ एका सकाळचा असतो, आणि त्या सकाळीं जाणता मनुष्य तेथें असला तरच तो उपयोगी पडतो.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे व तो आमच्याच शहरांतील एका उत्कृष्ट इमारतीच्या आधारानें घेतां येतो. मुंबई विद्यापीठाचें ग्रंथालय व राजाबाई मनोरा यांचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीं इंग्लंडांत राहून तयार केला. स्कॉट हिंदुस्थानांत एकदांही आले नाहींत. मनोऱ्याचें काम १८६९ त सुरू होऊन १८७८ च्या नोव्हेंबरांत संपलें; त्याच वर्षाच्या मार्चमध्यें स्कॉट निवर्तले होते. तरीही इमारत सुंदर झाली. मग वास्तुविशारदानें जागेवर येण्याची आवश्यकता काय, असें कोणी विचारील.

परंतु याच उदाहरणाकडे जरा बारकाईनें पाहिलें तर तें आमच्याच बाजूची साक्ष देतें. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातिजमातींचे जे पुतळे आहेत, ते रावबहादुर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक इंजिनियरांनीं घडविले. पागोट्याचा पेंच कसा असतो व माणूस कोणत्या ढबीनें उभा राहतो, हें लंडनहून टपालानें कळण्यासारखें नव्हतें. स्कॉट यांची अनुपस्थिति बाधली नाहीं, कारण त्यांच्या जागीं कलेची जाण असलेला दुसरा मनुष्य उभा होता. प्रश्न सही कोणाची हा नाहीं. बांधकाम चालू असतां आराखड्याचा हेतु ओळखणारी दृष्टि तेथें आहे कीं नाहीं, हा आहे. आमच्या टीकाकारांनीं स्कॉट यांचें नांव घ्यावें आणि मुकुंद रामचंद्र यांस तळटीपेंतही जागा देऊं नये, हा मात्र अन्याय आहे.

आतां त्याच शहरांतील दुसरी इमारत पाहूं. पूर्वीचें व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, हें फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनीं मुंबईंतच वास्तव्य करून, १८७८ पासून सुमारें दहा वर्षें खपून उभें केलें. सीताराम खंडेराव वैद्य हे त्यांचे साहाय्यक इंजिनियर होते आणि कोरीव कामाचा मोठा भाग मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांच्या हातून झाला. मधला अष्टकोनी घुमट तर खालीं आधाराचा लांकडी सांचा न उभारतां, दगडी फांसळ्या एकमेकींत गुंतवून चढविला आहे. असलें काम नुसता कागद हातीं देऊन होत नसतें. कमानींजवळचे मोर, माकडें व पानें आजही पाहणाऱ्यास थांबवितात. नकाशा करणारा आणि छिन्नी धरणारा हे एकाच शहरांत, एकाच कामावर होते, हें त्याचें एक कारण होय असें आम्हांस वाटतें.

वास्तुविशारद मध्येंच दूर झाला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण सिडनीच्या संगीतनाट्यगृहांत सांपडतें. योर्न उट्झन यांचा आराखडा १९५७ त निवडला गेला, १९५९ त काम सुरू झालें आणि सरकाराशीं मतभेद होऊन १९६६ त त्यांनीं काम सोडलें. आंतली रचना दुसऱ्यांनीं बदलली. मोठें सभागृह संगीताच्या जलशांस दिलें गेलें आणि ऑपेरा, जिच्या नांवानें ती वास्तु ओळखली जाते, ती लहान सभागृहांत गेली. १९७३ त इमारत उघडली; उट्झन यांनीं ती पुरी झालेली कधींच पाहिली नाहीं. येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. छपराचा निर्णय होण्यापूर्वींच चौथऱ्याचें काम सुरू झाल्यामुळें आधीं बांधलेले खांब छपराच्या भारास अपुरे ठरले व ते पुन्हां बांधावे लागले. खर्च मूळ अंदाजाच्या चौदापटीवर गेला. म्हणजे जागेवरील उपस्थिति ही कागदावरील अपुऱ्या विचाराची भरपाई करूं शकत नाहीं. नकाशा पक्का हवा आणि नकाशा करणाराही हवा. एकाच्या जोरावर दुसऱ्यास सुट्टी देतां येत नाहीं.

देखरेख हें इंजिनियराचें काम, असें म्हणून हा प्रश्न टाळला जातो. इंजिनियर भिंत पडणार नाहीं हें पाहतो. त्या भिंतींतील खिडकी एक हात सरकली तर खोलींतला उजेड कसा मरतो, हें पाहणें वास्तुविशारदाचें काम आहे. आपल्या देशांत १९७२ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेच्या नियमांतही वास्तुविशारदानें ठरलेल्या अंतरानें जागेवर जाऊन काम पाहावें, नकाशाचा अर्थ उलगडून सांगावा, अशी अपेक्षा आहे. नियम आहे, परंतु फीविषयीं घासाघीस सुरू झाली कीं पहिली कात्री या भेटींवर चालते, आणि ती चालवूं देणारा वास्तुविशारदही तितकाच दोषी आहे.

मालकांस आमची सूचना एवढीच कीं त्यांनीं नकाशे किती मिळतील हें विचारतांना भेटी किती व कोणत्या वेळीं होतील हेंही विचारावें: पाया खणल्यावर, सळया बांधल्यावर, गिलाव्यापूर्वीं. वास्तुविशारदांनीं जागेवर दिलेला प्रत्येक निर्णय लिहून ठेवावा, म्हणजे पुढें कोणी कोणावर ढकलणार नाहीं. आणि गवंड्याच्या व पाथरवटाच्या प्रश्नास अडचण न समजतां कामाचा भाग समजावें. कारण तो प्रश्न विचारतो तेव्हां इमारत अजून सुधारण्याजोगी असते. त्यानें विचारणें सोडून दिलें म्हणजे ती संधीही जाते.