‘वेल इन्फॉर्म्ड’ : एका पात्रताशब्दाची चिकित्सा

टेक्ससच्या १८७६ च्या संविधानातील पाचव्या अनुच्छेदाचे पंधरावे कलम कौंटीच्या निर्वाचित न्यायाधीशाने राज्याच्या कायद्याविषयी ‘वेल इन्फॉर्म्ड’ असावे, असे सांगते. ही शब्दयोजना सदोष होय. ‘माहितगार’ ह्या विशेषणाने गुण सूचित होतो. तो कोणी व कशाने पारखावयाचा, हे अनुक्तच राहते. त्याच अनुच्छेदाचे सातवे कलम जिल्हा न्यायाधीशाकडून मात्र वकिलीचा अनुभव स्पष्ट शब्दांत मागते. कौंटी न्यायाधीश आयुक्तसभेचा अध्यक्षही असतो. अंदाजपत्रक, रस्ते ही त्याची नित्याची कामे. तेथे सनदेवाचून अडत नाही, हे मान्य. परंतु अनेक लहान कौंटींत वर्षभराच्या कैदेस पात्र अपराधांचे खटलेही तोच चालवितो, आणि आरोपीस त्या विशेषणाखेरीज दुसरी हमी नसते.