लोंगेवालाची तार : सिनॅरिओ लिहिणाऱ्याने काय लपवावं

पडद्यावर षट्कोनांचं जाळं टाकलेला जो नकाशा दिसतोय, तो लोंगेवालाचा. वाळूच्या टेकड्या, उंचवट्यावर चौकी, आणि चौकीपुढे काटेरी तार. आजचं बोलणं मुख्यतः त्या तारेबद्दल आहे. तोफांचा पल्ला, चिलखताची जाडी यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. वॉरगेम खेळणारे चार जण जमले की तासभर तेच चालतं आणि त्यात आम्हीही मागे नसतो. पण सिनॅरिओ चांगला की वाईट हे त्या आकड्यांवर ठरत नाही, असं आमचं मत झालं आहे. ते कसं झालं, तेवढं सांगतो.

जे पहिल्यांदाच ऐकताहेत त्यांच्यासाठी थोडं. टॅक्टिकल वॉरगेम म्हणजे एक रणगाडा, एक तोफ, दहा जवानांची एक तुकडी या पातळीवरचा खेळ. १९९५ साली आलेला गॅरी ग्रिग्सबी यांचा ‘स्टील पँथर्स’ हा त्यातला नावाजलेला. त्याच घराण्यातल्या ‘मेन बॅटल टँक’मध्ये १९४६ नंतरच्या फौजा आहेत, त्यांत भारत आणि पाकिस्तानही आहेत. एक षट्कोन म्हणजे सुमारे ५० मीटर, एक टर्न म्हणजे काही मिनिटं. खेळाबरोबर एडिटर मिळतो. नकाशा काढायचा, फौजा मांडायच्या, कुठली जागा घेतली की किती गुण ते ठरवायचं, टर्न किती ते लिहायचं, वर एक ब्रिफिंग जोडायचं. झाला सिनॅरिओ. निदान आम्हाला तसं वाटायचं.

आता लढाई. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र. चौकीवर २३ पंजाबची ‘ए’ कंपनी, सुमारे १२० जवान, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली. समोरून दोन हजारांच्या वर सैनिक आणि चाळीसहून अधिक रणगाडे. त्यांना जायचं होतं रामगडला आणि पुढे जैसलमेरला. चौकी केवळ वाटेत होती. चांदपुरींना वरून पर्याय दिला गेला होता, थांबा किंवा मागे या. ते थांबले. जैसलमेरची हंटर विमानं रात्री लढू शकत नव्हती, ती उजाडल्यावर येणार. म्हणजे प्रश्न एवढाच होता की उजाडेपर्यंत चौकी टिकते का.

ती टिकली, आणि टिकण्याच्या कारणांत ही तार येते. घाईघाईत थोडे सुरुंग पेरले होते, पण चौकीभोवती खरं सुरुंगक्षेत्र नव्हतं. चढाई करणाऱ्यांना मात्र तार दिसली आणि तार आहे म्हणजे सुरुंग असणार असं वाटलं. मागून सॅपर्स बोलावले गेले, तपासणी झाली, आणि रात्रीचे सुमारे दोन तास गेले. जे नव्हतंच, त्याने दोन तास अडवून ठेवलं. शिवाय वाळूत रुतलेले रणगाडे वेगळेच.

आमच्या गटाने पहिला सिनॅरिओ केला तो अगदी प्रामाणिक होता. सुरुंग नव्हते, म्हणून नकाशावरही ठेवले नाहीत. पाकिस्तानी बाजू घेतली आमच्या एका ज्येष्ठ मित्राने. १९७१ वरची मिळतील ती पुस्तकं वाचून काढलेला माणूस. त्याने फाइल उघडली, नाव वाचलं, आणि रणगाडे सरळ तारेवरून नेले. सातव्या टर्नला चौकी गेली. आम्ही म्हटलं, अरे, थांबायचं होतंस. तो म्हणाला, “कशाला? मला माहितीये ना तिथे काही नाही.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. चूक आमचीच होती. वाळूची प्रत्येक टेकडी आम्ही मोजूनमापून बसवली आणि त्या रात्रीची सर्वांत मोठी गोष्ट, म्हणजे त्या माणसांना काय माहीत नव्हतं, तीच बाहेर राहिली.

दुसऱ्या वेळी आम्ही सोपा उपाय केला, खरेच सुरुंग पेरले. चढाई मंदावली, वेळापत्रक इतिहासाशी बरंचसं जुळलं, चार जणांनी पाठही थोपटली. आम्हाला मात्र तो पहिल्यापेक्षा वाईट वाटतो. कारण तो शिकवतो की पाकिस्तानी फौज सुरुंगांनी अडली. जॉन हिल या डिझायनरचं एक तत्त्व या क्षेत्रात फार मानतात. ‘स्क्वॉड लीडर’ हा १९७७ चा बोर्डगेम त्यांचाच. यंत्रणा हुबेहूब बसवण्यापेक्षा परिणाम बरोबर येऊ द्या, असा त्याचा आशय. तत्त्व उत्तम, पण त्याचा आधार घेऊन पुष्कळ आळशी सिनॅरिओ लिहिले गेलेत. दोन तासांचा उशीर हा परिणाम होता हे खरं, पण तो भीतीतून आला होता. भीती काढून तिथे स्फोटकं ठेवली तर घड्याळ जुळतं आणि बाकी सगळं खोटं होतं.

तिसऱ्या वेळी आम्ही नावच काढलं. लोंगेवाला हा शब्द कुठेही नाही. नकाशा आरशात धरल्यासारखा उलटा केला, फौजांना निळी आणि लाल म्हटलं, आणि ब्रिफिंगमध्ये चढाई करणाऱ्याला लिहिलं : ‘चौकीभोवती काटेरी तार आहे. सुरुंग असण्याचा संभव धरावा. उजाडल्यावर शत्रूची विमानं येतील.’ गटाबाहेरच्या एका तरुणाला खेळायला बसवलं. तो तारेपाशी थांबला. सॅपर्स पुढे आणले. तीन टर्न गेले, चार गेले. मग म्हणतो, “यार, हे साफ करत बसलो तर सकाळ होईल, आणि नाही केलं तर गाड्या जातील.” एवढं ऐकलं आणि आम्हाला सिनॅरिओ सापडला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ब्रिफिंगमध्ये खेळणाऱ्याला फसवायचं का? आमचा नियम असा : त्या रात्रीचा सेनाधिकारी जिथे चुकला, तिथेच ब्रिफिंगने चुकावं, त्यापुढे एक शब्दही नाही. ‘तिथे सुरुंग आहेत’ हे खोटं. ‘असण्याचा संभव धरावा’ ही त्याची त्या क्षणीची समजूत. या दोन वाक्यांमधल्या फरकासाठी आम्ही दोन संध्याकाळी भांडलो आहोत, आणि त्या वाया गेल्या असं वाटत नाही.

यात नवं काही नाही, हेही कबूल केलं पाहिजे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली गेऑर्ग फॉन राइसविट्झने क्रीगश्पीलचे नियम छापले. त्यात दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच असायचा. खेळाडूंनी हुकूम त्याच्याकडे द्यायचे, आणि ज्याला जेवढं खरोखर दिसलं असतं तेवढंच पंच त्याला सांगायचा. संगणक आला आणि पंच गेला. समोरचा रणगाडा दिसतोय की नाही हे संगणक पंचापेक्षा चोख ठरवतो. पण खेळणारा घरून काय वाचून आलाय, यावर त्याचा इलाज नाही. तिथे पंचाचं काम सिनॅरिओ लिहिणाऱ्यावर येतं, आणि बरेच लिहिणारे ते ओळखतच नाहीत. २००७ च्या ‘कॉम्बॅट मिशन : शॉक फोर्स’मध्ये एखादं उद्दिष्ट एकाच बाजूला कळेल असं ठेवता येतं. सोय छोटी, पण आमच्या मते त्या एडिटरमधली सर्वांत मोलाची.

आता गुणांकडे. गुण म्हणजे लेखकाचा निकाल असतो. बहुतेक जण चौकीवर झेंडा रोवतात आणि सगळे गुण तिथेच ठेवतात. मग चढाई करणारा चौकीला चिकटतो, कारण खेळानेच त्याला सांगितलंय की हेच युद्ध. प्रत्यक्षात त्याच्यापुढचा खरा पेच वेगळा होता : चौकी घेत बसायचं की तिला वळसा घालून निघायचं? म्हणून आम्ही मोठे गुण रामगडच्या बाजूच्या कडेला ठेवले, चौकीला कमी. दोन्ही जमणं कठीण आहे.

आणि विमानं? ती आमच्या सिनॅरिओत नाहीतच. उजाडतं आणि खेळ संपतो. हे सांगितल्यावर दर वेळी कुणीतरी उठतं, आजही दोन हात वर दिसताहेत. (हशा) ‘बॉर्डर’ आपण सगळ्यांनी पाहिलाय, हंटर नाहीत म्हणजे काय! त्या यशात सेनेचा वाटा किती आणि हवाई दलाचा किती, हा वाद पुष्कळ जुना आहे आणि आम्हाला त्यात निवाडा द्यायचा नाही. उघड्या वाळवंटात, डोक्यावर स्वतःचं एकही विमान नसताना सापडलेल्या रणगाड्यांचं हंटरनी काय केलं, ते नोंदलेलं आहे. पण खेळात त्या सकाळी पाकिस्तानी बाजूच्या माणसाने काय करायचं? टर्न संपवण्याचं बटण दाबत राहायचं. त्याच्या हातात निर्णयच उरत नाही, आणि भारतीय बाजूच्याही नाही, त्याने फक्त मोजायचं. असा सिनॅरिओ आम्ही एकदा खेळलो. वीस मिनिटं जळणारी गाड्यांची चित्रं पाहिली आणि कुणी काही बोललं नाही. प्रत्येक चित्रात तीन-चार माणसं असतात.

एकट्याने संगणकाविरुद्ध खेळायचं असेल तर चढाईची बाजू तुम्ही घ्या, संरक्षण त्याला द्या. उलट केलंत तर तार वाया गेली. तारेला बिचकावं लागतं, आणि ते माणसालाच जमतं.

एक अडचण मात्र उरली. आमचा सिनॅरिओ एकदाच चालतो. दुसऱ्यांदा त्या तरुणाला बसवलं, तर तो आमच्या ज्येष्ठ मित्रासारखाच सरळ तारेवरून गेला. म्हणून आता तीन फाइली आहेत. एकीत सुरुंग नाहीत, एकीत थोडे आहेत, आणि एकीत खरोखरचं क्षेत्र आहे. ब्रिफिंग तिन्हींना तेच. कुठली द्यायची ते आमच्यातला एक जण चिठ्ठी काढून ठरवतो आणि खेळ संपेपर्यंत गप्प बसतो. त्या ज्येष्ठ मित्राला परवा पुन्हा बसवलं. रणगाडे तारेपासून चार षट्कोनांवर उभे आहेत, आणि आठवडा झाला, त्याने पुढचा टर्न पाठवलेला नाही.