पेपरची अट गेली, पुढे काय?

सांगलीचं वालचंद 1947चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी 1960चं. या भागात अभियांत्रिकी जुनीच. पीएच.डी.ची अट मात्र परवा बदलली. 2016च्या यूजीसी नियमांत प्रबंधाआधी एक शोधनिबंध छापलेला आणि परिषदांत दोन वाचलेले लागत. 2022मध्ये ती सक्ती गेली. आम्हाला पटलं, पैसे मोजून पेपर छापणारे आम्ही पाहिलेत. पण मग पारख कुठं होणार? दोन बाहेरचे परीक्षक आणि खुली तोंडी परीक्षा, एवढंच उरलं. खुली म्हणजे काय हो? अशा एका परीक्षेला आम्ही तत्त्वज्ञानवाले जाऊन बसलो. विचारलं, "हे गृहीतक कशावरून धरलंत?" सगळे कंदी पेढ्यांच्या बॉक्सकडे बघायला लागले.