‘बीभत्स’ : अर्थ आणि प्रयोग

प्रचलित मराठीत ‘बीभत्स’ हे विशेषण बहुधा ‘अश्लील’च्या जोडीने, किंबहुना त्याच्या जागी, योजिले जाते. ‘बीभत्स नाच’, ‘बीभत्स हावभाव’ हे प्रयोग वृत्तपत्रवाचकाच्या नित्य परिचयाचे आहेत. हा अर्थपालट निरुपद्रवी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

पाणिनीच्या सूत्रानुसार (३.१.६) ‘बध्’ धातूस ‘सन्’ प्रत्यय लागून ‘बीभत्सते’ हे रूप सिद्ध होते, व्याकरणपरंपरेने त्याचा अर्थ ‘चित्तविकार’ असा दिला आहे. म्हणजे पाहणाऱ्याचे मन मागे सरणे, हा शब्दाचा मूळ आशय होय. विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपल्या दहा नावांचा उलगडा करून सांगतो. युद्धात आपण बीभत्स कर्म करीत नाही, म्हणून आपण ‘बीभत्सु’, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. येथे किळस वस्तूची नव्हे, कृत्याची आहे.

मराठीच्या घरगुती शब्दांनी अनुभवणाऱ्यास सोडलेले नाही. बाळकुमहून कशेळीच्या पुलाकडे जाताना खाडीचा दर्प आला, तर मनुष्य ‘मला किळस येते’, ‘शिसारी येते’ असे म्हणेल. ‘बीभत्स’ म्हणणार नाही. ‘किळस येते’ म्हटले की ‘कोणाला?’ हा प्रश्न ओघानेच येतो. ‘बीभत्स’ मात्र मराठीत विशेषण म्हणूनच रुळले. त्यामुळे किळस कोणाला व कशाची, हे न सांगताच निर्णय देण्याची सोय झाली.

या सोयीचे परिणाम समीक्षेतही दिसतात. १९७० साली विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. त्यात भावांच्या लाथांनी माणिकचा गर्भपात होतो. तिच्या साडीवरील रक्ताच्या डागास परिनिरीक्षकांनी हरकत घेतली, आणि लाल डाग निळा करून प्रयोग झाले. भरताने बीभत्साचा वर्ण निळाच सांगितला आहे, हा केवळ योगायोग. परंतु रंग पालटल्याने लाथ सौम्य होत नाही. डाग दाखविणे उचित की अनुचित, याविषयी मतभेद संभवतो. त्या नाटकात बीभत्स आहे ती लाथ.

जे दाखवू नये असे वाटते ते अश्लील. जे करूच नये ते बीभत्स. हा भेद पुसला गेला, तर पीडितेच्या देहालाच दूषण लागते आणि पीडा देणारा नामानिराळा राहतो. म्हणून ‘बीभत्स’ हा शब्द योजण्यापूर्वी कोणाचे मन कोणत्या कृत्यापासून मागे सरले, हे समीक्षकाने स्पष्ट करावे.