एका लेखणीचे दोन धनी

ग्रंथपरीक्षणाच्या पानांत सॉफ्टवेअरचें परीक्षण आलेलें पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या साधनानें लिहिलें जातें त्याचा लिहिण्याशीं कांहींच संबंध नाहीं, असें मानणें आम्हांस कधींच पटलेलें नाहीं. बोरू कसा तासावा हें शिकविण्यांत जुन्या पंतोजींनीं जो वेळ घालविला तो वायां गेला, असें कोण म्हणेल? ‘मार्सएडिट’ नांवाचें जें ॲप वीस वर्षांहून अधिक काळ मॅक संगणकावर चालत आलें आहे, तें ब्लॉगलेखकाचा असाच बोरू होय. आणि तो तासणारे कारागीर मुख्यतः दोनच झाले. त्या दोघांच्या धंद्याची हकीकत पाहिली म्हणजे ‘स्वतंत्र डेव्हलपर’ या मोठ्या मानाच्या पदवींतलें स्वातंत्र्य केवढें व कसलें, याचा बराच उलगडा होतो.

ब्लॉग म्हणजे काय हें आतां कोणास सांगावयास नको. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ सुरू केली, ती बहुतेक एकट्याच्या लेखणीवर चालविली. ब्लॉग हेंहि एकट्याचेंच नियतकालिक. फरक इतकाच कीं, शास्त्रीबोवांस छापखाना, कागद व वर्गणीदार यांचें लटांबर संभाळावें लागे, तें ब्लॉगलेखकास लागत नाहीं. परंतु लटांबराबरोबर एक सुखहि गेलें. पूर्वी लेखकाचा कच्चा खर्डा त्याच्या पेटींत असे. ब्लॉगलेखक मात्र दुसऱ्याच्या संकेतस्थळावरील एका चौकटींत, इंटरनेट चालू असेल तोंवर, लिहूं लागला. मध्येंच तें तुटलें कीं तासाभराचें लिहिणें गेलें. मार्सएडिटनें हा खर्डा लेखकाच्या पेटींत परत आणून ठेवला. लिहावें, खोडावें, आठ दिवस तसेंच राहूं द्यावें, आपल्या ब्लॉगच्या रंगरूपांत तें कसें दिसेल हें पाहावें, आणि मन घेईल तेव्हां एक कळ दाबून रवाना करावें. एवढेंच त्याचें काम.

पहिले धनी ब्रेंट सिमन्स हे अमेरिकेंतील सिएटलचे. डेव्ह वायनर यांच्या यूजरलँड कंपनींत, म्हणजे ब्लॉगच्या पाळण्याजवळच, त्यांची उमेदवारी झाली. ती नोकरी सोडून त्यांनीं पत्नीसह ‘रँचेरो’ या नांवानें घरगुती धंदा मांडला, आणि २००२ सालीं ‘नेटन्यूजवायर’ हें निरनिराळे ब्लॉग एकत्र वाचण्याचें ॲप काढलें. त्यांत पुढें ब्लॉग लिहिण्याचीहि सोय झाली. २००४च्या डिसेंबरांत ती सोय बाहेर काढून तिचें निराळें ॲप केलें, तेंच मार्सएडिट. आमच्या मतें या एका कृत्यांत सिमन्स यांची रसिकता दिसून येते. एकाच वस्तूंत चार गुण कोंबून तिची किंमत वाढवावी, हा बाजाराचा सर्वसाधारण कल. वाचणारा आणि लिहिणारा हे एकाच देहांत राहात असले तरी त्यांची बैठक निराळी, हें ओळखून चालत्या वस्तूंतून एक अंग वेगळें काढणें यास धैर्य लागतें. पुष्कळ ग्रंथकारांस तें साधत नाहीं.

२००५च्या ऑक्टोबरांत डेन्व्हरच्या न्यूजगेटर कंपनीनें दोन्ही ॲपें विकत घेतलीं आणि सिमन्स तिच्या नोकरींत गेले. पुढें २००७च्या फेब्रुवारींत कंपनीनें त्यांपैकीं मार्सएडिट डॅनियल जॅलकट यांस विकलें. हे पूर्वी ॲपलमध्यें नोकरीस असून नंतर ‘रेड स्वेटर’ या नांवानें एकट्यानेंच धंदा करीत होते. दुसऱ्यानें आरंभिलेलें काम हातीं घेणें आपल्या वाङ्मयास अपरिचित नाहीं. बाणभट्टाची कादंबरी त्याच्या मुलानें पुरी केली. परंतु कादंबरी एकदां पुरी झाली ती झाली. सॉफ्टवेअर पुरें होतच नाहीं, कारण तें ज्या जमिनीवर उभें, ती दुसऱ्याच्या मालकीची असून सारखी हलत असते.

ती कशी हलते हें पाहण्यासारखें आहे. २००६ सालीं ॲपलनें आपल्या संगणकांत इंटेलचा प्रोसेसर घातला, २०२० सालीं तोहि काढून स्वतःचा बसविण्यास आरंभ केला. दोन्ही वेळां जुनीं ॲपें नव्या यंत्राच्या भाषेंत उतरविणें आलें. २०११च्या जानेवारींत मॅकचें ॲप स्टोअर उघडलें. तेथें दुकान मांडावयाचें तर विक्रीच्या शंभरांतले तीस ॲपलचे. (२०२१पासून लहान विक्रेत्यांस ही पट्टी पंधरांवर आली.) २०१२च्या जूनपासून त्या दुकानांतील ॲपांनीं आंखून दिलेल्या कुंपणाबाहेर पाऊल टाकूं नये असा दंडक झाला. इकडे गूगलनें २०१५ सालीं ‘ब्लॉगर’सारख्या आपल्या सेवांत शिरण्याची जुनी रीत बंद केली, म्हणजे त्या दारानें ये-जा करणाऱ्या प्रत्येक ॲपास नवी किल्ली घडविणें प्राप्त झालें. यांतली एकहि गोष्ट जॅलकट यांनीं मागितली नव्हती, आणि एकीचेंहि श्रेय ग्राहक त्यांस देणार नाहीं. ग्राहकाच्या दृष्टीनें ॲप काल चालत होतें, आजहि चालतें; मध्यें कोण किती दिवस खपलें याची वार्ता त्यास नसते. चुकून एखादे दिवशीं चाललें नाहीं, तर मात्र पत्र लगेच येतें.

मार्सएडिटची तिसरी आवृत्ति २०१० सालीं निघाली आणि चौथी २०१७च्या अखेरीस. मध्यें सात वर्षें गेलीं. धंद्याची रीत अशी कीं ॲप एकदां विकत घ्यावें, आणि मोठी आवृत्ति निघाली म्हणजे जुन्या ग्राहकानें कमी दरानें पुन्हां पैसे मोजावे. चौथीची किंमत नव्या ग्राहकास सुमारें ५० डॉलर होती, जुन्यास निम्मी. म्हणजे ज्यानें २०१० सालीं पैसे दिले त्याच्या वांट्याची सात वर्षांची डागडुजी विनामूल्य झाली. नवे ग्राहक येत राहिले तर घर चालावयाचें. न आले तर नाहीं. पगारदार प्रोग्रॅमरास साहेब एक असतो. या स्वतंत्र कारागिरास ॲपल, गूगल, वर्डप्रेस असे अनेक साहेब आहेत, आणि त्यांपैकीं एकानेंहि त्याचें नांव जाणण्याची जरूर नाहीं. मग स्वतंत्र तें काय? आम्हांस विचाराल तर एकच: काय करावयाचें नाहीं हें तो स्वतः ठरवितो.

मार्सएडिटचे गुण आणि दोष दोन्ही या नकारांतूनच आलेले आहेत. तें फक्त मॅकवर चालतें. ज्या काळीं सर्व जग खिशांतल्या फोनवर लिहूं लागलें, त्या काळींहि त्याची फोनची आवृत्ति निघाली नाहीं. हा आम्ही मोठा दोष समजतों. वर्डप्रेसनें २०१८च्या अखेरीस मजकूर ‘ब्लॉक’ पाडून रचण्याची नवी पद्धति आणली, तरी मार्सएडिट जुन्या अखंड मजकुरासच धरून राहिलें. हा दोष कीं गुण, याविषयीं मतभेद होईल; ज्यास सलग गद्य लिहावयाचें आहे त्यास ब्लॉकांचा तुटकपणा जाचतो, असें आमचें मत आहे. रंगरूपांत त्यानें फारशी नटवेगिरी केली नाहीं. लिहितांना दृष्टीस पडते ती एक साधी चौकट आणि आपला मजकूर. मॅकच्याच मजकूरयंत्रणेवर विसंबल्यामुळें देवनागरी लिहिणारासहि निराळी खटपट पडत नाहीं.

सिमन्स यांची पुढील वाट निराळी गेली. नेटन्यूजवायर हें न्यूजगेटरनें २००८ सालीं फुकट केलें, २०११ सालीं तें ब्लॅक पिक्सेल या दुसऱ्या कंपनीकडे गेलें, आणि २०१८ सालीं तें नांव मूळ कर्त्याकडे परत आलें. २०१९ सालीं त्यांनीं नवी आवृत्ति काढली ती विनामूल्य, आणि तिचा मूळ कोडहि सर्वांस खुला. मधल्या काळांत चरितार्थ त्यांनीं अन्यत्र नोकरी करून चालविला. हें औदार्य मोठें, यांत शंका नाहीं. परंतु यासच आदर्श ठरवून दुसऱ्या वाटेस व्यापारी म्हणून हिणविणारांशीं आमचा वाद आहे. ज्याच्या पोटाची सोय दुसरीकडे झाली त्यानें फुकट वांटणें निराळें, आणि ज्याचें पोट त्या वस्तूवरच आहे त्यानें ती फुकट वांटावी अशी अपेक्षा करणें निराळें. फुकट तेंच न्याय्य, अशी समजूत आमच्या विद्यार्थ्यांत आम्ही नित्य पाहतों, व त्यांच्या वडिलांत तर अधिकच. चारशें रुपयांचें पुस्तक विकत घेणारा सुशिक्षित मनुष्य ॲपास शंभर रुपये पडतात म्हटल्यावर लुबाडल्यासारखा चेहरा करतो.

गूगलचें ‘रीडर’ हें वाचनाचें साधन २००५ सालीं आलें तें फुकट. त्याच्याशीं टक्कर देणें दाम घेणारांस अवघड झालें. मग १ जुलै २०१३ रोजीं गूगलनें तें बंद केलें, तेव्हां ज्यांनीं एक पैहि दिली नव्हती त्या लक्षावधि वाचकांस कशाच्या बळावर भांडावें हें सुचेना. किंमत दिली असती तर तें खास टिकलें असतें, असें आम्ही म्हणत नाहीं. दाम मोजलेल्या सेवाहि बुडतात. ‘टाइपपॅड’ ही २००३ सालीं निघालेली ब्लॉगसेवा लेखकांकडून वर्गणी घेत असे, तरीहि ती २०२५च्या सप्टेंबरअखेर बंद झाली. मार्सएडिट ज्या सेवांशीं बोलत असे त्यांतलीच ही एक. तेथील ज्या लेखकांनीं आपले लेख मार्सएडिटमध्यें उतरवून घेतले होते, त्यांच्या मजकुराची एक प्रत त्यांच्याच संगणकावर राहिली. ज्यांनीं तसें केलें नव्हतें, आणि मुदतींत सेवेकडूनहि आपले लेख मागून घेतले नाहींत, त्यांचीं पानें आतां तेथें उघडत नाहींत.