स्वमात : लादलेल्या विजयाची कला

बुद्धिबळातील कूटरचना हा एक स्वतंत्र कलाप्रकार आहे, हे आता सहसा कोणी नाकारीत नाही. मात्र त्याच घराण्यातील ‘स्वमात’ या प्रकाराचे नाव निघताच जाणत्या खेळाडूंच्याही ओठांवर हसू उमटते. हरायला का कधी बुद्धी लागते, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल गैरसमजातून उद्भवतो असे आम्हांस वाटते.

नियम थोडक्यात असा : पहिली चाल पांढऱ्याची, आणि ठरावीक चालींत त्याने काळ्याकडून स्वतःवर मात करवून घ्यायची. काळा मात्र मात देण्यास राजी नसतो. ती टाळण्यासाठी तो जंग जंग पछाडतो. १८५४ साली माक्स लांगे या जर्मन रचनाकाराने ज्याचा पाया घातला, त्या ‘साहाय्यमाती’त दोन्ही पक्ष संगनमताने एका राजाला कोंडतात. स्वमातीत असा सलोखा नाही. येथे विजय नको असलेल्याच्या गळ्यात तो बळेच बांधला जातो.

वाचकांनी पट पुढे घ्यावा. पांढरा राजा एच-१ वर, त्याची दोन प्यादी जी-२ व एच-२ वर, वजीर ई-३ वर. काळा राजा ए-१ वर, त्याचे प्यादे ए-२ वर आणि हत्ती सी-८ वर. एका चालीत स्वमात करावयाची आहे. वजीर सी-१ वर जाऊन शह देतो. काळ्या राजाची बी-१ व बी-२ ही घरे वजिराच्या माऱ्यात आहेत, ए-२ त्याच्याच प्याद्याने अडविले आहे. उरतो एकच मार्ग : हत्तीने वजीर मारणे. आणि तसे करताच पहिल्या ओळीत पांढऱ्या राजावर मात होते, कारण त्याची वाट त्याच्याच प्याद्यांनी रोखलेली असते.

ही मांडणी अगदी बाळबोध आहे. कला म्हणून तिला आम्ही मान देणार नाही. पण आता काळा हत्ती सी-८ ऐवजी डी-८ वर ठेवून तीच चाल करून पाहा. वजिराला मारणारे कोणी नाही, आणि मात होते ती काळ्यावर! नेहमीच्या खेळात जी चाल टाळ्या घेईल, ती येथे रचनाकाराचा सपशेल पराभव ठरते. स्वमातीची सारी नजाकत या एका घराच्या अंतरात आहे. पांढऱ्याचे सामर्थ्य बहुधा अफाट असते. ते जिंकण्यापासून आवरायचे आणि तरीही शत्रूच्या प्रत्येक पावलावर हुकमत ठेवायची, हे दुहेरी काम आहे.

आमच्या वाचकांना येथे आत्मबलिदानाचे रूपक सुचणे स्वाभाविक आहे. आम्हांस ते पटत नाही. बलिदान देणारा समोरच्याला मोकळा सोडतो. स्वमातीतील पांढरा समोरच्याचा श्वासही मोजून देतो. ही नम्रतेची नव्हे, संपूर्ण सत्तेची कला आहे, आणि तिच्या सौंदर्याला जो किंचित क्रूर रंग आहे तो झाकून तिची स्तुती करण्यात अर्थ नाही.

आपलेच सामर्थ्य आपणच अडविण्याची कल्पना थेट मातीच्या कूटांतही आहे. हिंदुस्थानात राहणारे धर्मोपदेशक हेन्री ऑगस्टस लव्हडे यांनी ‘शागीर्द’ या टोपणनावाने १८४५ साली इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध केलेले कूट ‘इंडियन प्रॉब्लेम’ म्हणून जगभर गाजले. त्यात पांढरा आपला उंट दूर मागे नेतो, मग त्याची वाट आपल्याच हत्तीने बंद करतो. कोंडी टळून काळ्या राजाला हलायला जागा मिळते, आणि त्यानंतर हत्ती बाजूला सरकताच मात होते. लव्हडे यांनी क्षणभर जे केले, ते स्वमातकार अखेरपर्यंत करतो.

सगळ्याच स्वमाती सारख्या मोलाच्या नसतात. शहामागून शह देत काळ्याला फरफटत नेणाऱ्या लांबलचक रचना आम्हांस कंटाळवाण्या वाटतात; तेथे बळजबरी उघडी पडते. खरी गोडी शांत पहिल्या चालीत असते. शह नाही, धमकीही दिसत नाही. काळा हवी ती चाल करण्यास मोकळा आहेसे भासते, आणि प्रत्येक चालीनंतर मात देण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही.

रुमानियात आयुष्य घालविलेल्या वोल्फगांग पाउली यांची १९१२ मधील दोन चालींची स्वमात या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. पांढऱ्याचे प्यादे शेवटच्या ओळीच्या उंबरठ्यावर उभे असते. कोणीही त्याचा वजीर करील. पाउली त्याचा घोडा करतात. वजीर, हत्ती वा उंट मागितला तर रचना फसते. जो मोहरा सर्वांत कमी पल्ल्याचा, तोच येथे उपयोगी पडतो. सोडवणारा प्रथम वजीर करून पाहतो, पुन्हा करून पाहतो, आणि घोड्याचा विचार त्याला बहुधा सर्वांत शेवटी सुचतो.