शेवटचा शब्द : स्टँड-अप विनोदाच्या घडणीविषयी

विनोद 'सुचतो' असे आपण म्हणतो. तो 'रचला' असे सहसा कोणी म्हणत नाही. काव्यहेतूंचा विचार करताना मम्मटाने शक्ती आणि निपुणता यांच्या जोडीला अभ्यासालाही स्थान दिले. विनोदकाराच्या वाट्याला मात्र आपण केवळ शक्ती ठेवली. एकट्याने उभे राहून, सहज बोलल्याचा भास निर्माण करीत हसविणाऱ्या स्टँड-अप विनोदकाराविषयी तर हा समज अधिकच दृढ आहे. तो कितपत ग्राह्य आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

या विषयाची एक पद्धतशीर भाषाशास्त्रीय उपपत्ती व्हिक्टर रास्किन यांनी १९८५ मध्ये मांडली. एकच उक्ती परस्परविरोधी अशा दोन अर्थपटांशी सुसंगत असली म्हणजे विनोद संभवतो, हे तिचे सार. पुढे १९९१ मध्ये साल्व्हातोरे अतार्दो यांच्यासह त्यांनी विनोदाचे सहा घटक कल्पिले : अर्थपटांचा विरोध, तर्कयंत्रणा, प्रसंग, लक्ष्य, कथनपद्धती आणि भाषा. या उतरंडीत विरोध सर्वांत वर व भाषा सर्वांत खाली आहे. ही उतरंड म्हणजे निर्मितीचा क्रम होय, असा या उपपत्तीचा दावा नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु भाषा म्हणजे वर सिद्ध झालेल्या आशयावर शेवटी चढविलेले वस्त्र, असा ग्रह तिच्यामुळे सहज होतो.

विनोदकाराचा प्रत्यक्ष व्यवहार या ग्रहाला अनुकूल नाही. अमेरिकन विनोदकार जेरी साइनफेल्ड यांनी १९९८ मध्ये आपले जुने विनोद बाजूस सारले. त्यानंतर न्यू यॉर्कच्या छोट्या क्लबांत ते नवे विनोद कसे पारखून घेत होते, हे २००२ च्या 'कॉमेडियन' या अनुबोधपटात दिसते. इतका मुरलेला वक्ताही तेथे मध्येच अडखळतो. पॉप-टार्ट या न्याहारीच्या पदार्थावरील एका विनोदावर आपण सुमारे दोन वर्षे काम करीत आहोत, असे त्यांनी २०१२ मध्ये सांगितले. कल्पना तर पहिल्याच दिवशी हाती होती. मग दोन वर्षे कशात गेली? अक्षरे मोजण्यात, क्षणभर लांबलेला शब्द छाटण्यात आणि सर्वांत मोठे हसू अखेरीस येईल अशी योजना करण्यात.

आपल्या परिचयाच्या एका विनोदाची दोन रूपे पाहू :

(अ) आमच्या घरी शेवटचा शब्द माझाच असतो – 'बरं!'
(आ) आमच्या घरी 'बरं' हा शेवटचा शब्द माझाच असतो.

सत्ता आणि शरणागती हे दोन्ही अर्थपट उभयत्र तेच आहेत. शब्दही जवळजवळ तेच. तरीही (आ) हे केवळ निवेदन ठरते, कारण विरोधाचा स्फोट श्रोत्याची अपेक्षा तयार होण्यापूर्वीच होऊन जातो. तात्पर्य, अर्थपटांचा विरोध आवश्यक आहे, पर्याप्त नाही.

मराठीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. आपल्या वाक्याचा स्वाभाविक शेवट क्रियापदाने होतो, आणि 'असतो', 'होता' यांसारख्या क्रियापदांत नवी माहिती जवळजवळ नसते. इंग्रजीत कर्म वाक्यान्ती आपसूक येऊन बसते. मराठी विनोदकाराला ते स्थान मिळवावे लागते. तो क्रियापद गाळतो, किंवा (अ) मधल्याप्रमाणे हसविणारा शब्द क्रियापदापलीकडे नेतो. इंग्रजी विनोदांची शब्दशः मराठी रूपे पुष्कळदा निर्जीव का वाटतात, याचे एक कारण येथे आहे.

म्हणून छापील विनोद समोर ठेवून त्यातील दोन अर्थपटांना नावे द्यावीत आणि पृथक्करण संपले असे मानावे, ही अभ्यासपद्धती अपुरी आहे. एकाच विनोदाचे अनेक प्रयोग ध्वनिमुद्रित करावेत, कोणता शब्द हलला, कोणता गळला आणि हसू कोठे सरकले हे ताडून पाहावे. संपादक पाठभेदांना जे मोल देतो, तेच येथेही द्यावयास हवे. फरक इतकाच की, येथे पाठ निश्चित करण्याच्या कामी समोर बसलेला श्रोताही सहभागी असतो. आणि त्याचा अभिप्राय तत्काळ ऐकू येतो.